आधी कोण उठणार

ॲव्हिस हार्करची निळी वही आता माझ्या स्वयंपाकघरात, ब्रेडच्या डब्यामागे असते. तिच्याकडेही ती तिथंच असायची. कोपऱ्यांना लोण्याचे डाग, पानांना चीजचा वास, आणि पहिल्या पानावर तिच्या ठसठशीत अक्षरात: ‘थॉर्नसाइड बैठक. लग्नं.’ बस. फूल नाही, वेलबुट्टी नाही.

बैठकीची लग्नं नोंदवायचं काम तिच्याकडे होतं, आणि एकतीस वर्षांत तिनं अठ्ठावन्न लग्नं पार पाडली. लावली असं म्हणत नाही मी, कारण आम्हा क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांत लग्न कुणी लावत नाही. पाद्री नाही, बाजा नाही, मुलीचा हात धरून तिला कुणाच्या स्वाधीन करणारा बापही नाही. सगळे बाकांवर गप्प बसतात. त्या शांततेतून नवरा-नवरी आपणहून उठतात, एकमेकांना वचन देतात आणि खाली बसतात. मग हजर असलेला प्रत्येक जण, मांडीवरच्या पोरासकट, एका मोठ्या कागदावर सही करतो. झालं लग्न.

बाहेरून आलेले पाहुणे हमखास म्हणायचे, “एवढंच? मग तुम्ही दोन-दोन महिने तयारी कसली करता?”

“एवढंच असतं म्हणूनच,” ॲव्हिस म्हणायची. “तुमच्याकडे बाजा वाजत असतो, कपबशी फुटली तरी कळत नाही. इथं चमचा पडला की लग्नभर ऐकू येतो.”

म्हणून वहीत चमचे आहेत. किती, कुणाकडून मागून आणायचे, कुणाच्या चमच्यांना मागे लाल दोरा बांधलाय म्हणजे परत देताना घोटाळा नको. हॅम कुणी उकडायचं. दह्याचा टार्ट कुणी करायचा आणि कुणाला करू द्यायचा नाही. शेगडी किती वाजता पेटवायची, म्हणजे कोळसा तडतडून संपलेला असेल. दाराच्या बिजागरीला तेल. टिपकागद. दौत, आणि दुसरी दौत, कारण पहिली कुणीतरी सांडणारच. कुठलं बाळ कुठल्या आईजवळ बसवायचं म्हणजे रडलं तर बाहेर न्यायला सोपं. तिनं हे सगळं आयुष्यभर दुसऱ्यांसाठी केलं. पोटापाण्याला ती दरीच्या तोंडाशी असलेल्या चीजच्या कारखान्यात जायची, पहाटेपासून चीजच्या जड, जात्याएवढ्या चक्क्या उलट्यासुलट्या करायला. त्यानं तिचे दंड एखाद्या लोहारासारखे झाले होते. आणि संध्याकाळी ही वही. लग्न मात्र तिनं केलं नव्हतं. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. दरीत अशा पुष्कळ बायका होत्या.

आमच्यात मिस्टर-मिसेस नाही आणि अहो-जाहोही नाही. सरदार असो की खाटीक, पूर्ण नाव घ्यायचं, जवळच्यांत नुसतं पहिलं, आणि तू म्हणायचं. त्यामुळे मी दात पडायच्या वयापासून तिला ॲव्हिस हार्कर म्हणत आले आणि ती मला ब्रायनी पिकार्ड. मी बाविसाव्या वर्षी नाटकाचं शिक्षण पुरं करून, काम न मिळता, घरी परत आले. तेव्हा बैठकीत, म्हणजे आमच्या दरीतल्या क्वेकर मंडळीत, उरलेल्या अकरा माणसांनी मला ज्येष्ठ नेमलं. ज्येष्ठ म्हणजे जे दोघं बैठकीची काळजी वाहतात आणि तास संपला की एकमेकांचा हात हातात घेऊन ती संपवतात. एकदा ज्येष्ठांनी हात मिळवला की बैठक संपली, मग कुणी काही बोलायचं नाही, चहाला उठायचं.

“बावीस वर्षांची ज्येष्ठ,” ॲव्हिस म्हणाली. “आपण खरंच संपत आलो की काय.”

दुसरा ज्येष्ठ विल्फ्रेड डिन्सडेल. चौतीस वर्षं त्यानं दरीतली बस चालवली होती, आणि ती कधी एक मिनिट उशिरा सुटली नाही, मागून बायको हात करत धावत येत असली तरी. खिशात वडिलांचं साखळीचं घड्याळ. ते वडील, जोसाया डिन्सडेल, हाही आमचा ज्येष्ठ होता, त्याच्या काळात.

त्याच वर्षी बाकांना कीड लागली.

ती काढायला डार्लिंग्टनहून एक सुतार आला, गिल्बर्ट फॉसेट. क्वेकरच, मूळचा आमच्याच दरीचा, वय बहात्तर, बायको जाऊन चार वर्षं झालेली. उंच, वाकलेला, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा. काम तीन आठवड्यांचं होतं. ऑक्टोबरात आला तो मार्चमध्येही रंधा मारत होता. दुपारी ॲव्हिस त्याला फडक्यात बांधून जेवण न्यायची.

“गिल्बर्ट फॉसेट,” तिनं एकदा माझ्यासमोर विचारलं, “एका बाकाला पाय किती असतात?”

“चार.”

“आणि बाक बारा. मग पाच महिने?”

“काम नीट करायचं म्हटलं की वेळ लागतो.”

“तुला लागतो,” ती म्हणाली, आणि मला ते तेव्हा नुसतंच थट्टेचं वाटलं.

एप्रिलमध्ये तिनं मला घरी बोलावलं. टेबलावर निळी वही उघडी होती, नवं पान, वर आकडा एकोणसाठ.

“कोण?” मी विचारलं.

“मी.”

मी खुर्ची शोधत होते.

“बस आधी. नोंदणीसाठी शेजारच्या बैठकीतली बाई येईल. स्वतःचं लग्न स्वतः नोंदवता येत नाही, पाहिलं मी विचारून. तुला चमचे मोजायचेत. जूनचा दुसरा शनिवार, सकाळी अकरा.”

“ॲव्हिस, गिल्बर्टशी?”

“नाही, विल्फ्रेडच्या बसशी. मोज.”

चमच्यांचा खण ओट्याखाली होता, जड, नेहमी अडकणारा. मी चमचे काढून ओट्यावर मांडत गेले. एक्केचाळीस झाले. खणाच्या तळाला जाड कागद अंथरला होता, पिवळा पडलेला, त्यावर चमच्यांच्या आकाराचे फिकट डाग. कडेला शाईचं अक्षर दिसलं म्हणून मी तो उचलला.

आमच्या लग्नांचा कागद मी ओळखते. वर मजकूर, खाली सह्यांसाठी रिकामी जागा. याच्यावर मजकूर होता: थॉर्नसाइडच्या बैठकघरात, एकोणीसशे त्रेसष्ट सालच्या मे महिन्यात, ॲव्हिस हार्कर आणि गिल्बर्ट फॉसेट. खाली एकही सही नव्हती.

ॲव्हिसनं कागद माझ्या हातातून घेतला नाही. चहा ओतत राहिली.

“चमचे सांगितले होते,” ती म्हणाली. “खण उकरायला नव्हतं सांगितलं.”

“तुमचं लग्न ठरलं होतं?”

“ठरलं होतं नाही. झालं होतं. म्हणजे माणसं आली होती, अठ्ठेचाळीस. हॅम होतं. मी चोवीस वर्षांची होते, करड्या रंगाचा नवा झगा होता. सगळी तयारी मी एकटीनं केली होती, अगदी टिपकागदापर्यंत.” तिनं किटली ठेवली. “बसलो. आणि कुणी उठलंच नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे तो बसला. मी बसले. एक तास. मग जोसाया डिन्सडेलनं घड्याळ पाहिलं आणि शेजारच्या ज्येष्ठाचा हात हातात घेतला. संपली बैठक.”

“लग्नाशिवाय?”

“लग्नाशिवाय. मग सगळ्यांनी चहा घेतला.”

मला हसू आलं, आणि लगेच लाज वाटली, कारण ती हसत नव्हती.

“कुणी विचारलं नाही? काय झालं, का नाही उठलात?”

“अठ्ठेचाळीस क्वेकर होते, ब्रायनी. कुणी कशाला विचारेल? प्रत्येकाला वाटलं, यांना आतून प्रेरणा झाली नाही, आपण कोण मधे बोलणारे. फार मान राखला सगळ्यांनी. आग्रह करकरून सँडविच वाढले मला.”

“आणि गिल्बर्ट?”

“टोपी घालून डोंगराकडे गेला. सोमवारी डार्लिंग्टनला कामावर. पुढच्या वर्षी तिथंच लग्न केलं, चांगली होती बाई, मी भेटले होते. मोठ्या बैठकांना दिसायचा. पाऊस किती झाला वगैरे बोलायचो.”

“आणि हा कागद?”

“चांगला कागद होता,” ॲव्हिस म्हणाली. “वाया कशाला घालवायचा?”

आमच्यात लग्नाआधी दोघांना घेऊन काही जण बसतात. मनात काही अडलेलं तर नाही, आतला देवाचा उजेड स्वच्छ दिसतो ना, हे शांतपणे बघायला. एरवी चार-पाच जण असतात. आमच्याकडे मी आणि विल्फ्रेड होतो. मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही ॲव्हिसच्या टेबलाभोवती बसलो, मधे फ्रूटकेक आणि त्यावर ठेवायला चीज. गिल्बर्टनं नखांतला भुसा घासून काढला होता, तरी राहिलाच होता.

विल्फ्रेडनं वहीतून वाचल्यासारखे प्रश्न विचारले. राहणार कुठं? इथंच. त्याच्या मुलीला मान्य आहे? आहे, तिनं पडद्याचं कापड पाठवलंय. प्रकृती? गुडघे सोडून ठीक.

“मग मनात काही अडचण नाही,” विल्फ्रेड म्हणाला आणि हात खिशातल्या घड्याळाकडे गेला.

मी खणातला तो पिवळा कागद काढून टेबलावर ठेवला. ॲव्हिसनं माझ्याकडे टाकलेली नजर अजून आठवते. दाराच्या बिजागरीला लावायचं तेल तिनं माझ्यावर ओतलं असतं.

गिल्बर्टनं कागदावरून बोट फिरवलं. चमच्यांच्या डागांवरून, मग अक्षरांवरून.

“हा तू ठेवलास,” तो म्हणाला.

“खणाला अंथरला. ठेवला नाही.”

“शेहेचाळीस वर्षं?”

“खण तोच आहे.”

  बाहेर कुणीतरी कुत्र्याला शीळ घालत होतं. शेवटी गिल्बर्ट कुणाच्याही खांद्याकडे न बघता, सरळ तिच्याकडे बघून बोलला.

“तू उठली नाहीस.”

“मी?” ॲव्हिस म्हणाली. “मी उठले नाही?”

“मी वाट बघत होतो. तू डोळे मिटून बसली होतीस. चेहरा इतका गंभीर होता. मला वाटलं, हिला आतून होकार येत नाहीये. मी उठलो तर बिचारीला मागे मागे उठावं लागेल, मनात नसताना. आपण हिच्या आणि देवाच्या मधे कसं यायचं?”

“मी हॅमचा विचार करत होते,” ॲव्हिस म्हणाली.

“काय?”

“सुरुवातीची दहा मिनिटं. हॅम झाकलंय की नाही ते आठवेना. मग विचार सोडला आणि तुझी वाट बघायला लागले. तू गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे बघत होतास. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मला वाटलं, याला उजेड दिसत नाहीये. मी उठले तर हा भला माणूस आहे, उठेल माझ्यासाठी. आणि जन्मभर…” ती थांबली. “मलाही वाटलं, मधे यायचं नाही.”

“आणि नंतर विचारलं नाहीत?” विल्फ्रेड म्हणाला. “एकमेकांना? पाऊस किती झाला ते विचारलंत, आणि हे नाही?”

दोघं एकदमच म्हणाले, “असं कसं विचारणार?”

विल्फ्रेडनं माझ्याकडे पाहिलं. मी केककडे.

“बाबांनी हात मिळवला,” तो हळू म्हणाला. “घरी येऊन म्हणाले होते, मुलांची सुटका केली, अवघडून बसली होती. मला आठवतंय. त्यांना फार बरं वाटलं होतं त्याचं.”

“जोसायाचं काही चुकलं नाही,” ॲव्हिस म्हणाली. तिनं सुरी घेतली आणि केकचे जाड तुकडे कापायला लागली, प्रत्येकी दोन पुरतील एवढे. “गिल्बर्ट फॉसेट, तू मूर्ख आहेस.”

“दोघं होतो.”

“हो. पण तू मोठा होतास, दोन वर्षांनी.”

मला वाटलं, गाठ सुटली. मी वही ओढली. “मग आता लिहून टाकू. एकोणसाठावं पान. आधी कोण उठणार?”

ॲव्हिसनं वही माझ्या हाताखालून काढून मिटली.

“ते ठरवत नाहीत.”

“अगं पण…”

“चमचे ठरवतात. हॅम ठरवतात. ते ठरवून करायचं असेल तर सरकारी कचेरी आहे शहरात, तिथं बाई खूण करते आणि माणसं पोपटासारखी बोलतात. इथं आतून आलं तर उठायचं.” ती गिल्बर्टकडे वळली. “तुझं काय म्हणणं?”

“नाही ठरवायचं,” गिल्बर्ट म्हणाला. इतका आज्ञाधारक की मला त्याला हलवावंसं वाटलं.

निघताना ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. असं ती कधी करत नसे. हातात पाण्याची झारी होती, पण झाडांना पाणी घालत नव्हती.

“तुला वाटतंय मी हट्टी आहे.”

“आहेसच.”

“अठ्ठावन्न जोडप्यांना मी हेच सांगितलं, की ते ठरवू नका. उठले सगळे. एकजण तर बसता बसताच उठला, बाक गरम व्हायच्या आत. आता मी स्वतःसाठी ठरवलं तर त्या सगळ्यांना खोटं सांगितल्यासारखं होईल.” तिनं झारी खाली ठेवली. “पण मी सत्तर वर्षांची आहे, ब्रायनी. पुन्हा बसून राहिलो, तर आणखी शेहेचाळीस नाहीत माझ्याकडे.”

तिला घाबरलेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी विल्फ्रेडकडे गेले आणि म्हटलं, लग्नाच्या दिवशी घड्याळ घरी ठेव.

“बाबांचं घड्याळ? लग्नाला नाही न्यायचं तर न्यायचं कधी?”

“तास झाला म्हणून हात पुढे करशील.”

“तास झाला की बैठक संपते,” विल्फ्रेड म्हणाला. “लोकांनी हॅम उकडलेलं असतं. बैठक कुणा एकाची नसते. तू तरुण आहेस, तुला वाटतं सगळं आपल्यासाठी थांबतं. एका बाईसाठी बस थांबवली तर पुढच्या थांब्यावरची दहा माणसं भिजतात.”

 

जूनचा दुसरा शनिवार. बैठकघराच्या पांढऱ्या भिंतींवर ऊन, दारं उघडी, कब्रस्तानातलं गवत ॲव्हिसनं स्वतः आदल्या दिवशी कापलेलं. एकसष्ट माणसं आली. गिल्बर्टचे बारा बाक घट्ट उभे होते, एकही कुरकुरला नाही. ॲव्हिस पुन्हा करड्या झग्यात होती, नव्या, दंडांवर घट्ट बसलेल्या. दोघं मधल्या टेबलाशी बसली, टेबलावर कागद आणि दोन दौती. मी आणि विल्फ्रेड त्यांच्या बरोबर समोर.

अकरा वाजता शांतता उतरली. सुरुवातीला ती कपड्यांची, खोकल्यांची असते, मग हळूहळू खोल जाते. मेंढ्या ऐकू यायला लागल्या. शेजारच्या खोलीतल्या चहाच्या मोठ्या भांड्याची टिकटिक. कुणाचंतरी पोट. पाव तास झाला. आमच्याकडे बहुतेक जोडपी याच सुमाराला उठतात.

ॲव्हिसचे डोळे मिटलेले होते. चेहरा गंभीर. मला माहीत होतं, हॅम झाकलेलं आहे, मी स्वतः झाकलं होतं आणि तिला तीनदा सांगितलं होतं. गिल्बर्ट गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे बघत होता.

अर्धा तास झाला. डार्लिंग्टनहून आलेला एक म्हातारा मित्र उठला; आम्ही क्वेकर एकमेकांना मित्रच म्हणतो. आमच्या बैठकीत कुणालाही प्रेरणा झाली तर बोलता येतं. तो धीर धरण्याच्या महतीवर बोलला. सावकाश, उदाहरणं देत. शेतकरी बी पेरून कसा थांबतो, सुतार लाकूड वाळायला कसं ठेवतो. सुतार म्हणताच गिल्बर्टनं मान डोलावली. मी त्या म्हाताऱ्याच्या नावानं मनात बोटं मोडली, देव मला क्षमा करो.

पाऊण तास झाला. आता एकसष्ट माणसं शांत नव्हती, गप्प होती. यातला फरक ज्यानं भोगलाय त्यालाच कळतो. जुन्या लोकांना त्रेसष्ट साल आठवत होतं. मला त्यांच्या माना दिसत होत्या, ताठ, आदरानं ताठ. कुणी काही करणार नव्हतं. पुन्हा सगळे फार मान राखणार होते.

नाट्यशाळेत आम्हाला शिकवलं होतं, समोरचा वाक्य विसरला तर हळूच सुचवायचं. माझ्या जिभेवर वचनाचं पहिलं वाक्य येऊन बसलं होतं, मित्रांनो, हा माझा मित्र. मी दात आवळून बसले. ते वाक्य माझं नव्हतं.

बाराला एक मिनिट असताना शेजारून बारीक टक् असा आवाज आला. विल्फ्रेडनं घड्याळ उघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. घड्याळ मिटलं. मग त्याचा उजवा हात, स्वच्छ धुतलेला, बस चालवून बोटं किंचित वळलेला, माझ्याकडे आला.

मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर बसले.

आमच्यात हात नाकारत नाहीत. भांडलेल्या शेजाऱ्याचाही नाही. मागच्या बाकावर कुणीतरी श्वास आत घेतला. विल्फ्रेडचा हात तसाच राहिला, हवेत, माझ्या गुडघ्याच्या वर एक वीत. त्यानं तो मागेही घेतला नाही. त्याचा स्वभाव तसा नव्हता, एकदा गाडी सुटली की सुटली. किती वेळ तो हात तिथं होता मला सांगता येणार नाही. माझी बोटं बधिर झाली होती.

ॲव्हिसनं डोळे उघडले.

तिनं तो हात पाहिला. पाठीमागचं सगळं एका क्षणात तिच्या चेहऱ्यावरून गेलं, मी समोर होते, मी पाहिलं. आणि मग ती उठली. हळुवार नाही, कुणी उजेडानं उचलावं तशी तर मुळीच नाही. चीजची चक्की उचलताना उठायची तशी, पाय रोवून, हुं करून. उभी राहिली आणि शेजारी हात पुढे केला.

“ऊठ, गिल्बर्ट,” ती म्हणाली.

हे शब्द आमच्या वचनात नाहीत.

गिल्बर्ट उठला, गुडघे दोनदा वाजले. तिनं त्याचा हात धरला आणि खणखणीत आवाजात बोलली, “मित्रांनो, हा माझा मित्र गिल्बर्ट फॉसेट, याला मी आज पती म्हणून स्वीकारते. देवाच्या मदतीनं, आम्ही दोघं या पृथ्वीवर आहोत तोवर, मी त्याच्याशी प्रेमानं आणि निष्ठेनं राहीन.” अठ्ठावन्न वेळा ऐकलेलं वाक्य, तरी ‘दोघं’ या शब्दापाशी ती अडखळली. गिल्बर्टनं तिचं शेवटचं अक्षर संपायच्या आत आपलं सुरू केलं, घाईघाईनं, दार बंद व्हायच्या आत शिरावं तसं, आणि एकही शब्द चुकला नाही.

दोघं खाली बसली. शांतता पुन्हा आली, आणि ही वेगळी होती. कुणीतरी नाक पुसलं.

थोड्या वेळानं मी हात बाहेर काढले. मुंग्या आल्या होत्या. मीच माझा हात विल्फ्रेडकडे केला. त्यानं तो घेतला आणि गरजेपेक्षा जोरात दाबला.

“बारा वाजून सहा,” तो कानाशी पुटपुटला. “चौतीस वर्षांत नाही झालं.”

“पुढच्या थांब्यावरची माणसं?”

“ऊन आहे आज,” विल्फ्रेड म्हणाला.

एकसष्ट सह्या झाल्या. पहिली दौत सांडली, दुसरी होती. एका बाळाचा अंगठा शाईत बुडवून उमटवला, तो कागदापेक्षा त्याच्या आईच्या झग्यावर जास्त उमटला. चहाच्या वेळी मी ॲव्हिसजवळ गेले. ती उभ्यानंच हॅम खात होती आणि चमचे मोजत होती.

“आतून आलं ना?” मी विचारलं. “की विल्फ्रेडच्या हातामुळे उठलीस?”

“काय माहीत,” ॲव्हिस म्हणाली. “बारा बाकांवर इतकी भली माणसं बसली होती, सगळी माझी वाट बघत. देवाला तेवढा एकच हात हलताना सापडला असेल. त्यानं तो वापरला.”

गिल्बर्ट दोन कप घेऊन आला, बशीत थोडा सांडून.

“मी उठतच होतो,” तो म्हणाला. “खरंच. ती उठली तेव्हा मी उठतच होतो.”

“हो,” ॲव्हिस म्हणाली आणि त्याच्या हातातून कप घेतला. “त्रेसष्ट सालापासून उठतोयस.”

सात वर्षं मिळाली त्यांना. त्या सात वर्षांत गिल्बर्टनं तिच्या ओट्याखालचा अडकणारा खण तीन वेळा नीट केला आणि तो तीन वेळा पुन्हा अडकला. आत तो पिवळा कागद होताच, चमच्यांखाली, कारण अजून चांगला होता. गिल्बर्ट गेल्यावर पाच वर्षांनी ॲव्हिस गेली. दोघांच्या शिळा सारख्याच उंचीच्या आहेत, आमच्यात सगळ्यांच्याच असतात, आणि गवत आता मी कापते.

नोंदणीचं कामही माझ्याकडे आलं. वर्षातून एखादंच लग्न होतं हल्ली. जोडपी माझ्या टेबलाशी बसतात, मी निळी वही काढते, चमचे, हॅम, शेगडी, दौत, दुसरी दौत. एकोणसाठाव्या पानाशी आले की मी जरा थांबते. तिथं यादी संपल्यावर तिनं नंतर कधीतरी, वेगळ्या शाईत, एक ओळ लिहिलेली आहे: ‘ब्रायनीला हातमोजे विणून देणे.’ दिले होते तिनं, करड्या लोकरीचे, दोन आकार मोठे.

आणि जोडप्यातलं कुणीतरी विचारतंच, आधी कोण उठतं?

“ते वहीत नाही,” मी सांगते. मग त्यांना केक वाढते, आणि ते खात असताना म्हणते, पण नंतर एकमेकांना विचारायला लाजू नका. काहीही झालं तरी विचारा. पाऊस किती झाला ते राहू द्या.